मिक्सरची कुळकथा

खंजिरी भजनात मुख्य गायकाच्या हातातच खंजिरी असते. तोंड आणि चामडं यांच्यात अंतर हातभर. मागे पेटी, तबला आणि साथ धरणारी मंडळी. समोर एकच माईक ठेवला की खंजिरीचा कडकडाट पुढे येतो, पेटी बुडते आणि शब्द हरवतात. शब्द हरवले तर भजन संपलंच, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी हाती घेतली ती गावाच्या कानी शब्द घालायलाच. म्हणून झरी जामणीकडच्या भजनी मंडळाला दोन-तीन माईक लागतात, आणि त्या सगळ्यांचा आवाज एका भोंग्यात नेणारा मिक्सर लागतो.

शब्दाचं कूळ आधी पाहू. घरात मिक्सर म्हटलं की चटणी आठवते, मांडवात म्हटलं की साऊंडवाला. दोन्हींच्या मागे लॅटिनमधलं ‘मिस्केरे’ हे क्रियापद आहे, आणि आपला संस्कृत ‘मिश्र’ त्याच आदिम धातूचा सख्खा भाऊ. त्या ‘मिश्र’ची लेकरं म्हणजे ‘मिसळणे’ आणि ताटातली मिसळ. मला हे नातं फार आवडतं. मिसळीत मटकी, शेव, कांदा वेगवेगळे लागले पाहिजेत, तरी घास एकच. चांगल्या भजनाचा आवाजही तसाच हवा.

यंत्राचं कूळ शंभर वर्षांपलीकडचं आहे. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत हजारोंच्या जमावाला भोंग्यातून आवाज ऐकवला. पुढे रेडिओ आला. एकाच कार्यक्रमात निवेदक, गायक आणि वाद्यवृंद आले, तेव्हा अनेक माईक लागले आणि प्रत्येकाला वेगळी खुंटी द्यावी लागली. आपल्याकडे मोटवाणींच्या ‘शिकागो रेडिओ’चे माईक काँग्रेसच्या सभांत पोचले, गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत ते नाव वाचता येतं. मग अहुजासारख्या कंपन्यांचे, मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच डब्यात असलेले संच आले. त्यांतले कित्येक १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात, म्हणून वीज गेली तरी प्रचाराची जीप आणि भजनाचा मांडव बोलता राहतो. बिछायत केंद्रात सतरंज्यांशेजारी हा डबा येऊन बसला तो याच गुणामुळे.

मिक्सरला संगणक लागतोच असं काहींना वाटतं, पण या सगळ्या हकिकतीत संगणक कुठेच नाही. माईकमधून जेमतेम काही हजारांश व्होल्टची विजेची लहर येते. ‘गेन’ची खुंटी तिला शेकडो पट मोठी करते, बास-ट्रेबल तिचा पोत बदलतात, फेडर तिचा वाटा ठरवतो. मग सगळ्या लहरी प्रतिरोधकांतून एका तारेवर येतात आणि तिथे त्यांची बेरीज होते. ही बेरीज वीजच करते, हिशेब कोणी मांडत नाही.

संगणकाला जोडायच्या यूएसबी भोकाचं मानक आलं १९९६मध्ये. तोवर मिक्सरनं कित्येक दशकं काम केलं होतं. पुढे मिक्सरच्या पाठीला ते भोक लागलं, आणि संगणक जोडल्याशिवाय तो चालणारच नाही असा समज पसरला. साध्या खुंट्यांच्या मिक्सरमध्ये ते भोक मुख्यतः ध्वनिमुद्रणासाठी आणि गाणी वाजवण्यासाठी असतं. संगणक काढला तरी माईक, खुंट्या, भोंगा सगळं तसंच चालतं. खुंट्याच नसलेले, टॅबलेटवरून चालवायचे नवे डबे मात्र वेगळ्या जातीचे, ते घेताना जपून. लहान मिक्सर यूएसबीवरूनच वीज घेणारा असेल तर त्याच्या पुस्तिकेत सांगितलेला चार्जर पुरतो. भजन जपून ठेवायचं असेल तर मिक्सरच्या ‘आऊट’मधून वायर काढून रेकॉर्डरला द्यावी.

मंडळाची वर्गणी गोळा करणाऱ्यांना माझी विनंती आहे: मिक्सर घेताना लॅपटॉपची तजवीज करू नका. ते पैसे पेटीसाठी एका चांगल्या माईकवर घाला.