दीर्घ आजारी मुलांचे शिक्षण

कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, टाइप-१ मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, एचआयव्ही अशा महिनोन्महिने किंवा जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारांत मुलाचे शिक्षण तुटू नये म्हणून शाळा, रुग्णालय आणि घर यांनी मिळून करायची व्यवस्था. भारतात तिचे नियम विखुरलेले आहेत. काही कायद्यांत, काही परीक्षा मंडळांच्या उपविधींत सापडतात. बरेचसे वर्गशिक्षकाच्या मनावर सोडलेले असते.

प्रत्येक आजार शाळेचे दिवस वेगळ्या तऱ्हेने खातो. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याचा खाडा आधीच ठाऊक असतो आणि चाचणी परीक्षेची तारीख त्याप्रमाणे ठरवता येते. विदर्भात आणि नंदुरबार भागात आढळणाऱ्या सिकलसेलचे तसे नाही. थंडी, ताप किंवा शरीरातले पाणी कमी होणे यांतून हाडे-सांधे ठणकू लागतात आणि मूल अचानक अंथरूण धरते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. त्यातला पहिला, सर्वांत कडक टप्पा सुमारे महिनाभराचा असतो; शेवटचा लांबलचक टप्पा मुख्यतः गोळ्यांचा असतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या काळात पुष्कळ मुले शाळेत जाऊ शकतात. ही गोष्ट शाळेला कळवायची बहुधा राहून जाते.

महाराष्ट्रातील सर्वेक्षणांत सलग महिनाभर गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य धरले जाते. ल्युकेमियाच्या पहिल्या टप्प्यालाच तेवढे दिवस लागतात. म्हणून या विषयातली पहिली लढाई पटावरचे नाव टिकवण्याची असते. नाव कमी झाले की पाठ्यपुस्तके, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज हे सारे एकेक करून सुटत जाते, आणि बरे झालेले मूल वर्गात परतण्याऐवजी कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहते. इंग्लंडमध्ये आजारपणामुळे पंधरा शालेय दिवस बुडणार असे दिसले, की शिक्षणाची पर्यायी सोय पाहणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक असते. आपल्याकडे अशी दिवसांची मर्यादा घालून देणे गरजेचे आहे.

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील (२०१६) २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आले. कर्करोग, टाइप-१ मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांची नावे मात्र त्या यादीत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे मूल केवळ त्या कारणाने सवलतींना पात्र ठरत नाही. ही उणीव गंभीर आहे.

दिल्लीस्थित केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ (सीबीएसई) दहावी-बारावीसाठी ७५ टक्के हजेरी मागते. कर्करोग, क्षय, एड्स यांसारख्या आजारांमुळे ती ६० टक्क्यांखाली गेली, तर अपवाद करण्याचा अधिकार अध्यक्षांकडे आहे. २०१७ पासून या मंडळाने टाइप-१ मधुमेहाच्या परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू दिली. पेपर सुरू असताना साखर उतरली, तर हात थरथरतो, अक्षर फिरते, आणि उत्तर येत असूनही लिहिता येत नाही.

हजेरीचे गणित जुळतच नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हा मार्ग उरतो. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती स्थापन झाली. मुख्यालय नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये आहे. इथे विषय एकेक करून सोडवता येतात: पाच वर्षे, नऊ संधी. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही आहे.  

कायदा कागदावर असूनही शाळेचे दार बंद होऊ शकते, हे लातूर जिल्ह्यातील हासेगावने दाखवले. रवी बापटले यांनी तिथे २००७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. २००९ मध्ये ही मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातून तीव्र विरोध झाला. एकत्र बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे तेव्हा जुने, सिद्ध झालेले ज्ञान होते. शिक्षणसंस्थांतील असा भेदभाव एचआयव्ही-एड्स कायद्याने (२०१७) स्पष्टपणे बेकायदा ठरवला. तो १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला.

प्रत्यक्ष व्यवस्थेत लहान गोष्टी मोठे काम करतात. सलाइनची सुई शक्यतो लिहित्या हाताला लावू नये, एवढे परिचारिकेला सांगितले तरी वही उघडी राहते. एकाच शिक्षकाने आठवड्याचा अभ्यास फोनवर पाठवावा. सहा विषयांचे सहा निरोप आले, तर थकलेले मूल एकही उघडत नाही. वर्गमित्रांचा संपर्क शिकवणीइतकाच जपावा. केमोथेरपी चालू असलेले मूल वर्गात परतल्यावर कोणाला कांजिण्या किंवा गोवर झाल्याचे कळताच शाळेने पालकांना त्याच दिवशी कळवावे. कांजिण्यांचा संपर्क झाल्यास संरक्षक उपचार पहिल्या काही दिवसांतच द्यावे लागतात.