कात, कातकरी आणि कॅटेकॉल: एका घटकाचा मागोवा

फँटसी गेम खेळणाऱ्यांना ही साखळी पाठ असते. जंगलात फिरायचं, साल-फळं-डिंक गोळा करून झोळीत टाकायचं, कृती सापडली की भट्टीवर रंग नाहीतर औषध तयार. झाड तोडलं तरी चार दिवसांनी ते पुन्हा तिथेच उभं. साहित्य आणि कृती जमली की वस्तू बनतेच. एक प्रश्न मात्र अशा गेममध्ये सहसा येत नाही: ते झाड कोणाचं?

आज हा प्रश्न एका खऱ्या घटकाला विचारून बघू. तो घटक म्हणजे पानात घालतात तो कात.

मुळशी तालुक्यात बऱ्याच गावांच्या कडेला कातकरी वस्ती असते. कात करणारे ते कातकरी. सरकारी यादीत 'काथोडी' हे नावही आहे. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आज या वस्त्यांमधले लोक वीटभट्टीवर जातात, शेतमजुरी करतात, मासे-खेकडे धरतात. कात कोणी करत नाही. जातीचं नाव ज्या कामावरून पडलं ते कामच उरलेलं नाही. असं का झालं?

आधी कृती बघू. खैराच्या खोडातला आतला लालसर भाग, म्हणजे गाभा, घ्यायचा. त्याचे बारीक तुकडे करून पाण्यात बराच वेळ उकळायचे. अर्क गाळून आटवायचा आणि थंड होऊ द्यायचा. कॅटेचिन हे संयुग गरम पाण्यात सहज विरघळतं, थंड पाण्यात फारसं नाही. म्हणून अर्क थंड झाला की ते खाली बसतं. हाच पानातला कात. वर राहिलेल्या द्रवात टॅनिन जास्त असतं. ते कातडी कमवायला, मासेमारीची जाळी रंगवून टिकाऊ करायला उपयोगी. आपण प्रयोगशाळेत ज्याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतो, त्याचंच हे मातीच्या मडक्यातलं रूप.

ही कृती लिखित स्वरूपात बरीच जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात काताची माहिती आहे, आणि अर्कात नाचणीचं पीठ मिसळून वड्या करतात असंही दिलंय. म्हणजे गोव्यात बसलेल्या माणसाला कात लाकडापासून होतो हे ठाऊक होतं. तरी युरोपातल्या औषधांच्या दुकानांत कात पुढे बराच काळ 'टेरा जापोनिका', म्हणजे जपानची माती, या नावाने विकला जात होता. माल पोचला, करणाऱ्यांची माहिती वाटेत गळली.

पुढे १८०३ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तुरट वनस्पतींवर निबंध लिहिला. त्यांच्यासमोर मुंबईचा आणि बंगालचा असे दोन कात होते. कातडी कमवायला एक पौंड कात साधारण सात-आठ पौंड ओकच्या सालीचं काम करतो, असा त्यांचा हिशोब होता. नंतर १८३९ मध्ये कॅटेचिन तापवून एक नवं संयुग मिळालं. त्याला कॅटेकॉल म्हणतात. ॲड्रेनलिन, डोपामिन यांना आपण कॅटेकोलअमाइन म्हणतो ते याच नावावरून. म्हणजे जीवरसायनाच्या पुस्तकात दर दोन प्रकरणांनी कात येतो, आपल्याला ते जाणवत नाही एवढंच.

त्याच काळात इकडे काय चाललं होतं? मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ च्या सुमारास उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडींवर लेख लिहिला. काथोडींचं पोट मुख्यतः कातावर चालतं, नावही त्यावरूनच, असं त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे तेव्हा धंदा चालू होता. मग १८७८ चा वन कायदा आला. जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पडले आणि खैर तोडायला परवानगी लागू लागली. १९२७ च्या वन कायद्यातली 'वनोपज' शब्दाची व्याख्या तर मुळातून वाचाच. लाकूड, कोळसा, लाख, हिरडा यांच्याबरोबर तिथे कात आहे, आणि हे पदार्थ जंगलात सापडोत वा न सापडोत, वनोपजच मानले जातात. थोडक्यात, कृती कातकऱ्यांच्या डोक्यात राहिली आणि साहित्य सरकारी यादीत गेलं. मग तोच माणूस व्यापाऱ्याकडून उचल घेऊन कोळशाच्या भट्टीवर राबायला लागला. भट्टी तीच, झाडं तीच, पण माल दुसऱ्याचा.

इथे थांबून स्वतःला उलट प्रश्न विचारायला हवा. कातासाठी गाभा लागतो, म्हणजे झाड तोडावंच लागतं. हिरड्यासारखं फळ वेचून भागत नाही. तेव्हा तोडीवर नियंत्रण हवं, या म्हणण्यात तथ्य होतं. शिवाय क्रोमने कातडी कमवणं आणि कृत्रिम रंग आले, त्यामुळे बाहेरची मागणीही बदलली. सगळा दोष एका कायद्यावर टाकला तर प्रबंध सोपा होतो, बरोबर होत नाही. पण एक गोष्ट या कारणांनी सुटत नाही. कात करणं थांबलेलं नाही. चिपळूण-सावर्डे भागात त्याचे कारखाने आहेत, पानाच्या टपरीवर तो रोज विकला जातो. थांबलं ते कातकऱ्यांचं करणं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला, पण त्यात इमारती लाकूड सोडून बाकीची उपज येते. मध, कंद, हिरडा परत मिळू शकतो; खैराचा गाभा त्या वाटेने येत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातून एक कामाची सवय सांगतो. नैसर्गिक पदार्थावर काम करताना आपण नमुन्याचं शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख लिहितो. त्याखाली आणखी तीन ओळी लिहा: झाडाचा कोणता भाग घेतला, तो घेतल्यावर झाड जगतं का, आणि तो घेण्याचा हक्क आज कोणाकडे आहे. पूर्वी कोणाकडे होता हेही शोधा. उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नसेल. गॅझेटियर, जुने कायदे आणि वस्तीवरची म्हातारी माणसं, या तिन्हीकडे जावं लागेल. वस्तीवर जाल तेव्हा पहिल्याच दिवशी वही काढू नका. ज्यांच्या नावातच कृती आहे, त्यांच्याकडून आजवर पुष्कळ नेलं गेलंय.