सरांची फियाट

आपल्या तुकडीतल्या बहुतेकांना सरांची फियाट आठवत असेल. शाळेच्या मागच्या फाटकाशी, गुलमोहराखाली ती उभी असायची. फिकट क्रीम रंगाची, मागच्या मडगार्डला एक पोचा असलेली. तो पोचा त्या फाटकानेच दिला, हे सर स्वतःच हसत सांगायचे. नववीत विज्ञानाच्या तासाला फोर स्ट्रोक इंजिन आलं तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं, सगळ्या वर्गाला खाली नेलं आणि बॉनेट उघडलं. हा कार्ब्युरेटर, हा डिस्ट्रिब्युटर, ही रेडिएटरची टाकी. मागून कोणीतरी विचारलं, "सर, एसी कुठे आहे?" सर म्हणाले, "काच खाली कर, तोच एसी."

त्या दिवशी हात काळे करून घेणाऱ्यांत मी पुढे होते. पुढे मेकॅनिकलची पदवी घेतली आणि आपल्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सॉफ्टवेअरमध्ये केली. बावीस-तेवीस वर्षांत पान्याला हात लागला नाही.

गेल्या जूनमध्ये सरांचा फोन आला. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, दिवाळीपर्यंत आवार रिकामं करायचं आहे आणि गाडी अकरा वर्षं जागची हललेली नाही. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता. सर म्हणाले, "तू एकदा बघून जा. पुसून-पासून शोभेला ठेवणार असशील तर राहू दे. चालवणार असशील तर ने."

मी लगेच 'हो' म्हणाले नाही. आधी या गाडीचा इतिहास वाचायला घेतला. जुन्या गाड्यांचे शौकीन तिच्यासाठी एवढा जीव का टाकतात, हे मला समजून घ्यायचं होतं. वाचून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

गोष्ट सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्यापासून सुरू होते. हिंदुस्थानात मोटारी जोडल्या जात होत्या, पण त्या परदेशी कंपन्यांकडून. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत, शिवडीला, जोडणीचं काम चालवलं होतं. सुटे भाग बोटीतून यायचे, इथे फक्त नटबोल्ट आवळायचे. आपल्या देशात मोटार मुळापासून बनावी, ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिशीच्या दशकातच मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. इंग्रज सरकारला त्यात रस नव्हता.

१९३९ साली वालचंद बोलणी करायला अमेरिकेला गेले. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानांच्या व्यवसायातल्या अमेरिकन गृहस्थाशी पडली. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन परतला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, तीच आजची एचएएल. मोटारीचा कारखाना मात्र मागे पडला. क्रायस्लरशी करार झाला, पण प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली उभी राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं १९४७ मध्ये बाहेर पडली. ती डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी अमेरिकन नावांचीच होती.

पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने 'नुओवा ११००' ही नवी गाडी दाखवली. आराखडा दांते जाकोसा यांचा. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ३६ अश्वशक्ती. वेगळी चॅसिस नाही, सगळा सांगाडा एकसंध पत्र्याचा. त्या काळात मध्यमवर्गीय गाडीसाठी ही नवलाईच होती. इटालियन लोक तिला 'मिल्लेचेंतो' म्हणजे 'अकराशे' म्हणत. पुढच्याच वर्षापासून ती कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. एप्रिल १९५३ मध्ये वालचंद वारले होते. ज्या गाडीने त्यांचा कारखाना घराघरात पोचवला, ती कुर्ल्यातून निघालेली त्यांनी पाहिली नाही.

त्याच सुमारास टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांची इथे उत्पादन करण्याची तयारी आहे, त्यांनीच या धंद्यात राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. मैदानात उरले कोलकात्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, चेन्नईत स्टँडर्ड आणि मुंबईत प्रीमियर. सामान्य माणसाच्या तोंडी नावं तीनच: अँबॅसॅडर, हेराल्ड, फियाट.

मुंबईकराने फियाट उचलली. पन्नाशीतल्या गोलसर नाकाच्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि त्यात हेटाळणीपेक्षा माया जास्त होती. तिची पुढची दारं उलटी, म्हणजे मागे बिजागरी असलेली. नंतर मागे शेपटीसारखे पंख आलेली 'सिलेक्ट' आणि 'सुपर सिलेक्ट' निघाली. १९६४ च्या सुमारास 'डिलाइट' आली आणि पुढची दारं सुलटी झाली. इथून पुढे गाडीचा चेहरामोहरा जवळजवळ ठरून गेला. फियाटबरोबरचा करार संपल्यावर नाव बदलावं लागलं. १९७२ मध्ये ती 'प्रेसिडेंट' झाली, १९७४ मध्ये 'पद्मिनी'. लोकांनी नाव बदललं नाही. सरांची गाडी १९७६ ची, कागदोपत्री पद्मिनी. आपण तिला पद्मिनी म्हटल्याचं कोणाला आठवतंय का?

आता माझ्या मनात अडकलेला प्रश्न. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. आपल्याकडे मात्र तीच गाडी, थोड्याफार फरकाने, २००० सालापर्यंत बनत राहिली. असं का?

याचं उत्तर इंजिनिअरच्या हिशेबात सापडतं. गाडीचा प्रत्येक पत्रा प्रेसमध्ये डायवर दाबून बनतो आणि डाय फार महाग असतात. तो खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला, तरच नवं मॉडेल परवडतं. सत्तरच्या दशकात आपल्या सबंध देशात वर्षाला पन्नास हजारांहूनही कमी मोटारी बनत. किती बनवायच्या ते परवान्याने ठरायचं. परकीय चलनाची टंचाई असल्याने बाहेरून यंत्रं आणणं कठीण. मोटार ही चैनीची वस्तू, असं सरकारी धोरण. १९६९ मध्ये गाड्यांच्या किमतीवरही सरकारी नियंत्रण आलं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसरीकडे, जे बनेल त्यासाठी गिऱ्हाईक रांगेत उभं होतंच. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. असं असताना कोण कशाला नवी गाडी काढेल?

म्हणजे ज्या गाडीच्या आठवणीने आपण हळवे होतो, ती टिकली ती टंचाईमुळे. हे लिहिताना मला थोडं वाईट वाटलं, पण ते खरं आहे. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी त्या गाडीत मे महिन्यात घाट चढून पाहिलेला नसतो. इंजिन तापलं की पेट्रोलची पाइपमध्येच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि सगळ्यांनी झाडाखाली बसायचं.

टंचाईच्या त्या दिवसांची दुसरी बाजूही आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ चं मॉडेल असलेली फियाट घेतली, तिची किंमत बारा हजार. त्यांच्याजवळ सात होते, म्हणून पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेतून काढलं. ते निधन पावल्यावर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं. ती गाडी आजही दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. पंतप्रधानांना कर्ज काढावं लागे, तिथे शिक्षकाची काय कथा! सरांनी आपली गाडी १९८८ मध्ये घेतली तीही जुनी, एका डॉक्टरांकडून, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून.

तोवर काळ बदलला होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू होणारी. रांग तिकडे वळली. पद्मिनीचा मोठा आधार उरला तो मुंबईच्या टॅक्सीचा. दणकट पत्रा, मोठी डिकी, वरचं कॅरिअर आणि कोणत्याही नाक्यावर दुरुस्त होणारं इंजिन, हे टॅक्सीवाल्याच्या सोयीचं होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर किती फोटो आले होते, आठवतं ना? कुर्ल्यात आजही एका रस्त्याचं नाव प्रीमियर रोड आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी सरांकडे गेले. गाडीवर धुळीचा जाड थर होता, टायर बसलेले होते. चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून खालची फरशी दिसत होती. इंजिन मात्र जाम झालेलं नव्हतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि पुढच्या पुलीला पाना लावून फिरवलं, तर क्रँक सावकाश फिरला. सर खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "हळू. घाई करशील तर रिंगा मोडतील." माझं वय सत्तेचाळीस आहे, पण मी पुन्हा नववीत होते.

मग त्यांनी एक वही काढून दिली. १९८८ पासूनची प्रत्येक दुरुस्ती तीत आहे: तारीख, किलोमीटर, कोणता भाग, किती पैसे, कोणी काम केलं. 'पॉइंट घासले.' 'किंग पिनला ग्रीस.' 'ब्रेक सिलिंडरचं रबर बदललं, गळती थांबली.' शेवटची नोंद २०१४ ची. माझ्या नोकरीत दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड उघडून बसावं लागतं आणि तो असा का लिहिला हे सांगणारी एक ओळही नसते. सरांनी सव्वीस वर्षं एकही नोंद चुकवली नव्हती.

ती वही वाचताना मला माझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मिळालं. टंचाईने ही गाडी बाजारात टिकवली, पण रस्त्यावर टिकवली ती माणसांनी. फिटरांनी, टॅक्सीवाल्यांनी, सरांसारख्या मालकांनी. भाग मिळत नसे, म्हणून लोक भाग दुरुस्त करायला शिकले. गाडी उघडून पाहता येत होती, म्हणून ती समजत होती. शौकीन आज जुनी गाडी उभी करतात तेव्हा चकाकणाऱ्या क्रोमकडे आपलं लक्ष जातं. खरं तर हे हातांचं ज्ञान त्यांना वाचवायचं असतं. ते ज्ञान असलेले मिस्त्री आता सत्तरीत आहेत.

एक पेच शिल्लक होता. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार शुल्क. सरांच्या गाडीला २०२६ मध्ये पन्नास वर्षं होतील. मोह होता. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे सरांनी जे नको म्हटलं, नेमकं तेच. म्हणून मी साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा रस्ता धरला आहे. त्यात फिटनेसची परीक्षा आहे, आणि गंजलेल्या तळाने ती पास होणार नाही.

दिवाळीआधी गाडी टेम्पोत घालून माझ्या भावाच्या शेडमध्ये आणली. तळाचा पत्रा कापून नवा वेल्ड होतो आहे. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुनं रबर टिकणार नाही, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. कार्ब्युरेटरचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधून मिळाले. मडगार्डचा पोचा तसाच ठेवला आहे. रंगाऱ्याला दोनदा बजावून सांगावं लागलं.

संमेलनाच्या दिवशी सरांना त्यांच्याच गाडीतून आणायचं मनात होतं, पण ते जमणार नाही. काम अजून दोन-तीन महिन्यांचं आहे आणि कच्ची गाडी रस्त्यावर आणलेली सरांनाच चालणार नाही. परवा संध्याकाळी मात्र अकरा वर्षांनी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, धूर सोडला, मग लयीत आलं. सरांना फोन लावून मोबाईल बॉनेटजवळ धरला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "टॅपेट वाजताहेत. सेटिंग कर. आणि वहीत लिही."

लिहिलं आहे. २०१४ नंतरची पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे. खाली भरपूर पानं कोरी आहेत. कोणाला हात काळे करायचे असतील तर रविवारी या, पाने पुरेसे आहेत.