मत्सर लांबच्याचा होत नाही



आपल्याकडे माणसाचे सहा शत्रू सांगितले आहेत. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर. यादीत मत्सर अगदी शेवटी येतो, पण मला तो सगळ्यांत विचित्र वाटतो. बाकीच्या पाचांपासून माणसाला घटकाभर तरी सुख मिळते. रागाने बोलून टाकले की मोकळे वाटते, मदात तर माणूस तरंगतच असतो. मत्सरात सुख असे नाहीच. ज्याला होतो त्यालाच तो जाळतो. म्हणून तर आपली भाषा त्याच्यासाठी जळण्यादुखण्याचे शब्द वापरते. जळफळाट होतो, पोटात दुखते, दुसऱ्याचे बरे पाहवत नाही.

हेवा आणि मत्सर यांतही फरक आहे. हेवा म्हणतो, "त्याच्याकडे आहे ते मलाही हवे." मत्सर म्हणतो, "मला मिळो न मिळो, त्याच्याकडे नको." हेवा वाटणारा मुलगा कधीकधी अभ्यासाला लागतो. मत्सर करणारा दुसऱ्याची वही लपवतो.

आणि मत्सर लांबच्याचा होत नाही. इतकी वर्षे वर्गात उभा राहून मी हे पाहिले. पहिल्या नंबरवर जळतो तो दुसऱ्या नंबरचा मुलगा. चाळिसाव्या नंबरच्या मुलाला त्याचे काहीच वाटत नाही, तो मधल्या सुटीची वाट पाहत असतो. आमच्या करडीकडे धानाच्या बांध्या आहेत. मुंबईच्या कोण्या शेठजीने शंभर एकर घेतले तर कोणाची झोप उडत नाही. पण धुऱ्यापलीकडच्या चुलतभावाचे दोन पोते धान जास्त झाले की रात्र जाते. बरोबरीचा माणूस लागतो, आणि तो रोज डोळ्यांसमोर लागतो. या रोगाला मराठीने नावच दिले आहे - भाऊबंदकी. खाडिलकरांनी १९०९ मध्ये पेशव्यांच्या घरातल्या कलहावर नाटक लिहिले, त्याचे नावही हेच ठेवले.

पण भाऊबंदकी पाहायला पुण्याला जायची गरज नाही. आपल्या भंडारा-नागपूरच्या इतिहासात ती भरपूर आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. तुमसरजवळचा आंबागड त्याच राजवटीतला. राजा चांद सुलतान वारला तेव्हा, १७३९ च्या सुमारास, वलीशहाने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने आपल्या दोन मुलांसाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघुजींनी वलीशहाला हटवले, मुलांना राज्य मिळवून दिले, आपला मोबदला घेतला आणि ते परत गेले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या दोघा भावांचे पटेना. पुन्हा रघुजींना बोलावणे गेले. अकबरशहाला देश सोडावा लागला. बुऱ्हाणशहा नावाचा राजा राहिला, पेन्शन घेऊन. राज्य भोसल्यांचे झाले. दोन भावांना एकमेकांकडे राज्य पाहवले नाही, ते तिसऱ्याकडे गेलेले मात्र दोघांनाही पाहावे लागले.

आता ज्या रघुजींनी हे सगळे जवळून पाहिले, त्यांचे घर तरी शहाणे व्हावे की नाही? रघुजी १७५५ मध्ये वारले. चार मुलगे मागे राहिले. जानोजी आणि साबाजी एका आईचे, मुधोजी आणि बिंबाजी दुसरीचे. जानोजी वयाने मोठे, पण मुधोजींची आई थोरली राणी. झाले! एकाजवळ वयाचा हक्क, दुसऱ्याजवळ आईच्या मानाचा. मत्सराची ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो स्वतःच्या नावाने कधीच येत नाही, नेहमी 'न्याय' किंवा 'हक्क' हे नाव घेऊन येतो. "मी जळतो आहे" असे कोणी म्हणत नाही, "माझ्यावर अन्याय झाला" असेच म्हणतो, आणि त्याला ते खरेही वाटत असते. शेवटी पुण्याच्या पेशव्यांनी मिटवले. जानोजी सेनासाहेबसुभा झाले, मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब मिळाला.

जानोजींना मूल नव्हते. त्यांनी मुधोजींच्याच मुलाला, धाकट्या रघुजीला, वारस ठरवले. भांडण मिटवायला याहून चांगला उपाय कोणता असणार? पण १७७२ मध्ये जानोजी वारले आणि साबाजी पुढे आले. जानोजींची पत्नी दर्याबाई त्यांच्या बाजूने. पुण्याचे राजकारणही यात शिरले. लढाया झाल्या, तह झाले, मोडले.

शेवट १७७५ मध्ये नागपूरजवळच्या पाचगावला झाला. लढाईत साबाजींची सरशी होत होती, मुधोजी घेरले गेले होते. साबाजींनी आपला हत्ती भावाच्या हत्तीजवळ नेला आणि त्यांना शरण येण्यास सांगितले. मुधोजींनी पिस्तूल झाडले. साबाजी जागीच ठार झाले, आणि जिंकत आलेली लढाई हरले.

मी हा प्रसंग वाचतो तेव्हा एकाच प्रश्नाशी अडतो. साबाजी जवळ गेले कशाला? लढाई तर हातात आली होती. माणसे पाठवून निरोप देता आला असता. त्यांच्या मनात काय होते हे कोणता कागद सांगणार? कदाचित भावाचा जीव वाचवायचाही असेल. पण मला वाटते, नुसते राज्य मिळून त्यांचे भागत नव्हते. भावाची खाली गेलेली मान त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. ज्याचे वर असणे पाहवत नाही, त्याचे खाली येणे पाहिल्याशिवायही चैन पडत नाही. मत्सराचा स्वभाव मला तिथे दिसतो. त्याला वस्तू नको असते, देखावा हवा असतो.

या घराची पुढची पिढीही तशीच गेली. दुसरे रघुजी १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी आजारी, अपंग. चुलतभाऊ आप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला आणि घरात आपली बाजू पक्की करायला त्याच वर्षी इंग्रजांशी तह केला. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी मेलेला आढळला, संशय आप्पासाहेबांवरच आला. नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, तोपर्यंत इंग्रज घरात शिरलेलेच होते. १८५४ मध्ये उरलेसुरले राज्यही खालसा झाले.

चौथा भाऊ बिंबाजी आपल्या वाट्याच्या छत्तीसगडात, लांब रतनपूरला गेला होता. तिथे रामटेकरीवर त्याने बांधलेले राममंदिर आजही आहे. अंतर कधीकधी औषधाचे काम करते. निदान माणसाचे डोळे आपल्या कामाकडे वळतात.

आमच्या घरातली मंडळीही हे वाचतात, म्हणून सांगतो. वाटणी करताना धुरा वितीने मोजा, पण त्यानंतर रोज तिथे उभे राहून पलीकडचे पीक मोजू नका. आपल्या बांधीत उतरा. तिथे चिखल पुरेसा आहे.

असो. तुमच्याकडच्या अशा गोष्टी जरूर कळवा.