जड स्टिअरिंग आणि डेव्हिससाहेबांचा व्हॉल्व्ह

मंडळी, या शनिवारी जरा ग्रीस-ऑइलमध्ये हात घालू.

हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या हट्टा गावातून हळदीची पोती भरून एखादी जुनी पिकअप वसमतच्या मोंढ्याकडे निघाली आणि वळणावर स्टिअरिंग जड झालं, की सल्ला ठरलेला: "पंप गेला, बदलून टाका." पंप स्वस्त नाही. बदलूनही दुखणं तसंच राहिलं, तर पैसे गेले आणि ऐन हंगामात गाडी उभी. म्हणून आधी थोडा इतिहास. बिघाडाशी त्याचा काय संबंध? आहे, बरं का!

अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचे इंजिनियर होते. जड ट्रक वळवताना चालकांचे खांदे कसे भरून येतात, हे ते जाणून होते. नोकरी सोडून त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग बनवायला घेतलं. मोठी अडचण गळतीची. तेल सतत दाबाखाली कोंडून ठेवलं, की ते कुठून तरी वाट काढणारच. डेव्हिस यांनी उलटा विचार केला: व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा, तेल आरामात फिरत राहू द्यायचं, आणि चाक फिरवलं की तेवढ्यापुरती वाट अरुंद करून दाब तयार करायचा. १९२६ मध्ये त्यांनी हे गाडीत बसवून दाखवलं. जनरल मोटर्सने रस घेतला, पण मंदीच्या काळात खर्च पाहून बेत गुंडाळला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांना ते लागलं, आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल मोटारीत आणलं.

थोडक्यात काय, तर पंप सतत फिरतो, पण दाब फक्त वळवताना येतो. जुन्या, तेलावर चालणाऱ्या पिकअपचा बिघाड शोधताना हे एक वाक्य ध्यानात ठेवा. आम्ही प्रोग्राम डीबग करतो तसंच: आधी स्वस्त तपासण्या, मग महागड्या.

पुढच्या टायरात हवा कमी आहे का? मग इंजिन बंद करून पुढची चाकं जॅकवर उचला, खाली भक्कम आधार द्या आणि स्टिअरिंग फिरवून बघा. तरीही अडकत असेल तर दोष सांध्यांत किंवा स्टिअरिंग बॉक्समध्ये, पंपाचा संबंधच नाही.

आता तेल. पातळी कमी म्हणजे कुठेतरी गळती. नुसतं ओतून भागत नाही. फेस दिसला आणि वळवताना कण्हल्यासारखा आवाज आला, तर तेलात हवा शिरली आहे. गळती बंद करा, तेल भरा, चाकं उचललेली असताना इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बुडबुडे निघून जातात. तेल मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, रबरी सील खराब होतात.

पूर्ण वळवल्यावर किंचाळी येते? बेल्ट पाहा, कारण तेव्हाच दाब सर्वात जास्त आणि सैल बेल्ट घसरतो. एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड? पंप दोन्ही बाजूंना तोच, म्हणजे संशय व्हॉल्व्हवर किंवा बॉक्सवर. उभ्या गाडीत जड आणि इंजिनचा वेग वाढवला की हलकं? हवा, तेल, बेल्ट ठीक असतील तर आता पंपावर संशय घ्यायला हरकत नाही. त्यातही मेकॅनिककडून आधी दाब मोजून घ्या.

दोन गोष्टी जिवाच्या. इंजिन चालू असताना दाबाच्या नळीची गळती हाताने चाचपू नका. आणि उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका: इंजिन थांबलं की पंप थांबतो. चाकं तेव्हाही वळतात, पण सगळा जोर आपल्या खांद्यांचा, डेव्हिससाहेबांच्या आधीच्या ट्रकवाल्यांसारखा. पाठीमागे पोत्यांचं ओझं असताना ती हौस नको.