धातूची झळाळी आणि इतिहासाची तारीख

१९४२ साली अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागविल्या. प्रमाण १:७२, रंग काळा. शत्रुमित्रांची विमाने निव्वळ आकारावरून ओळखता यावीत एवढाच हेतू; बारकाव्यांना तेथे स्थान नव्हते. मला कुतूहल आहे ते त्या काळ्या रंगापलीकडच्या कारागिरीचे.

१९४४ पासून बहुतेक अमेरिकी युद्धविमाने रंगाविनाच कारखान्याबाहेर पडू लागली. उघडे ॲल्युमिनियम एकाच छटेचे नसते. पत्र्याचा मिश्रधातू, जाडी वा पोताची दिशा बदलली की झळाळीही बदलते. म्हणून जाणता प्रतिकृतिकार रुपेरी रंगाचा सरसकट हात देत नाही. पाठीला गोंद असलेला अतिपातळ वर्ख तो एकेका पत्र्याच्या मापाने कापतो आणि कापसाने घासून बसवितो. रिव्हेटांच्या ठसठशीत रांगा मात्र मला खोट्या वाटतात. ७२ मिलिमीटरचे येथे अवघे १ होते ना!

हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ हे असेच उघड्या धातूचे बी-२९ विमान. त्याच्या नाकाडावर हे नाव रंगविले गेले ५ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे उड्डाणाच्या आदल्या दिवशी. ती अक्षरे नसलेली प्रतिकृती कितीही लखलखीत असो, ती ६ ऑगस्टच्या सकाळची नव्हे.