दुष्काळांतला तेरावा महिना



पाऊस जोरानें कोसळूं लागला कीं इंग्रज म्हणतो, मांजरें आणि कुत्रीं पडत आहेत. असें कां म्हणावयाचें, ह्यावर विद्वानांचें एकमत नाहीं. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालीं छापलेल्या संवादांत हा वाक्प्रचार आढळतो. गवती छपरावर निजलेलीं जनावरें पावसानें घसरून खालीं येत, ही त्याची प्रसिद्ध उपपत्ति मात्र मागाहून रचलेली दिसते. आपला मुसळधार पाऊस त्यामानानें सोपा. घरांत उखळ-मुसळ असलें कीं अर्थ कळला. हस्त नक्षत्राच्या पावसाला कुणबी हत्तीचा पाऊस म्हणतो, तेव्हां संस्कृतज्ञ हंसतात. त्यांनीं हंसूं नये. सोंड हाच ज्याचा हात, तो हस्ती. हस्ताचा हत्ती करणारा कुणबी आणि हादग्याच्या पाटावर हत्ती काढणाऱ्या मुली व्युत्पत्तीपासून फारशा दूर गेलेल्या नाहींत.

आज ज्या म्हणीविषयीं बोलावयाचें आहे, ती इतकी सरळ नाहीं. ती म्हणजे 'दुष्काळांत तेरावा महिना'. शहरांत आपण छत्री हरवल्याबरोबर सर आली तरी ही म्हण वापरून मोकळे होतों. तिचा उगम सर्वांना ठाऊक आहे असें समजलें जातें: चांद्रवर्ष ३५४ दिवसांचें, सौरवर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं तोकडें, ती तूट भरून काढण्यास एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरतात, आणि असा मास नेमका दुष्काळीं वर्षांत आला तर उपासमार एक महिना लांबते.

येथेंच माझी शंका आहे. पीक सूर्याच्या हिशेबानें येतें. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचे दिवस पंचांगांत महिना वाढविल्यानें वाढत नाहींत. मग उपासमार लांबते कशी?

ह्याचें उत्तर शोधावयास जालन्यास जाणें बरें. कुंडलिकेच्या कांठीं वसलेल्या ह्या गांवाच्या पूर्वेस निजाम-उल्-मुल्काच्या आज्ञेवरून काबिलखानानें १७२५ च्या सुमारास किल्ला बांधला. त्याच्या बालेकिल्ल्यास लोक मस्तगड म्हणतात. पोटांत एक मोठी विहीर, तिच्या कडेनें सज्जे व दालनें. पुढें येथें नगरपालिकेची कचेरीहि आली. कोरड्या मुलखांत गड बांधणारा पहिल्यानें पाण्याची तजवीज करतो, ह्याची ती विहीर साक्ष आहे. त्या राज्याच्या फारशी लेखांत साल मोजीत तें हिजरी. हिजरी सनांत अधिक मास मुळींच नाहीं. म्हणून रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. परंतु फिरत्या सालावर शेतसारा वसूल करतां येत नाहीं. ह्यासाठीं दक्षिणेंत फसली सन चालूं झाला आणि मराठी दप्तरांत शुहूर सन होता, ज्यास मृगसाल म्हणत. दोन्ही सूर्याचे. म्हणजे शिलालेखांत तेरावा महिना नाहीं, सरकारी वहींतहि नाहीं. तो राहिला फक्त घरांत.

आणि घरांत त्याचा जाच खरा होता. सालगडी ठेवीत तो पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. अधिक मासाच्या वर्षीं हें साल ३८४ दिवसांचें होतें. ठराव सालाचा असला, तर धन्याला त्यास एक महिना अधिक खाऊं घालावें लागे. आणि गड्याला त्याच मजुरींत एक महिना अधिक राबावें लागे. सावकाराचें व्याज महिन्यावर चढे, तो बाराऐवजीं तेरा मोजी. भरीस भर म्हणजे हा धोंड्याचा महिना. जांवयास बोलवा, तेहतीस अनारशांचें वाण द्या! तांदूळ, गूळ, तूप ह्यांपैकीं एकहि वस्तु दुष्काळांत घरीं सांपडत नाहीं, आणि जांवई तर घरोघर असतो. माझ्या मतें ही म्हण आभाळाविषयीं नसून करारांविषयीं आहे. भूक तेवढीच राही, देणें वाढे.

मराठवाड्यानें ही म्हण अक्षरशः भोगलेली आहे. १९७२ च्या दुष्काळांत शके १८९४ ला वैशाख अधिक होता. १६ मार्च १९७२ चा पाडवा आणि पुढचा ४ एप्रिल १९७३ चा. मध्यें पावसानें दगा दिला. खडी फोडावयास बसलेल्या माणसांच्या हजेरीपटावर मात्र तेरावा महिना नव्हता. तेथें दिवस मोजीत आणि फोडलेली खडी मोजीत. पुढें ह्याच कामांतून रोजगार हमीचा कायदा निघाला. २०१२ सालीं भाद्रपद अधिक आला, १८ ऑगस्टपासून १६ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे भर पावसाळ्यांत. आणि पुढच्या उन्हाळ्यांत जालना जिल्हा टँकरच्या पाण्यावर होता. ह्यावरून अधिक मास दुष्काळ आणतो असें कोणी समजूं नये. दर तिसऱ्या वर्षीं येणारा पाहुणा वाईट दिवसांत अनेकदां दारीं दिसणारच.

शके १९४८ मध्यें ज्येष्ठ अधिक आहे: १७ मे ते १५ जून २०२६. मृग नक्षत्र ह्याच महिन्यांत लागतें.